समोरची सही कोणाची?

फ्रँचायझीचा करार कोणी वाचायला दिला की मी आधी सह्यांचं पान उघडते. बोर्डावर नाव ब्रँडचं असतं, पण समोरची सही बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीची निघते.

सही मूळ कंपनीची आणि तुम्हाला शोधणारा, ट्रेनिंग देणारा माणूस वेगळा, तर तो एरिया रिप्रेझेंटेटिव्ह. तुमच्या प्रवेश फीत आणि रॉयल्टीत त्याचा वाटा असतो. त्यात गैर काही नाही, पण त्याचा तोंडी शब्द कंपनी पाळेलच असं नाही. जे बोलला ते करारात लिहून मागा. एरिया डेव्हलपर स्वतःचीच आउटलेट्स उघडतो. तो तुम्हाला फ्रँचायझी विकायला निघाला असेल, तर तसा अधिकार दाखव म्हणा.

खरं सावध राहायचं ते मास्टर फ्रँचायझीपासून. आर्कोस डोराडोस या कंपनीने 2007 मध्ये लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधला मॅकडोनाल्ड्सचा कारभार घेतला, तसा अख्खा प्रदेश एकाच्या हाती असतो. खालच्या फ्रँचायझींशी करार तोच करतो, रॉयल्टी तोच घेतो आणि त्यातला हिस्सा वर पोचवतो. मूळ कंपनीशी तुमचं कागदोपत्री नातंच नसतं.

मी यात पोळले आहे. माझी रॉयल्टी एकदाही थकली नव्हती. तरी मास्टरचा मूळ कंपनीशी असलेला, म्हणजे वरचा करार मोडला आणि ब्रँडचं नाव काढा अशी नोटीस मला आली. माझ्या कराराची तीन वर्षं शिल्लक होती. वरचा करार संपला तर माझं काय, यावर त्यात एक ओळ नव्हती. बोर्ड उतरवताना शिडी मीच धरली.

म्हणून वरच्या कराराची मुदत विचारा. तो मोडला तर मूळ कंपनी तुमचा करार स्वतःकडे घेईल का, हे तिच्याच सहीने लेखी घ्या. मास्टरने एकट्याने दिलेली हमी इथे पुरत नाही. आणि ‘आजच टोकन द्या’ अशी घाई झाली, तर त्याने ठराविक मुदतीत किती आउटलेट्स उघडायची आहेत तेही विचारा. आकडा चुकला तर प्रदेश त्याच्या हातून जाऊ शकतो, म्हणजे घाई त्याची असते. अमेरिकेत फ्रँचायझीचं माहितीपत्रक सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी द्यावं लागतं. तुमच्याकडे तसा नियम नसला तरी तेवढे दिवस मागून बघा. तो काय कारण सांगून नाही म्हणतो, ते नीट ऐका.