शुगर बॉर्डरला, हिरड्यांतून रक्त: उपचारात या चुका टाळा

केसपेपरवर मधुमेहापुढे 'नाही' लिहिलेलं असतं. खोदून विचारलं की उत्तर येतं, "बॉर्डरला आहे हो डॉक्टर, गोळी कुठे चालू आहे!" एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर तो प्रीडायबेटिस, म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि गोळी नसली तरी तो आकडा दातांच्या डॉक्टरला सांगायचाच. शुगर वाढू लागली की हिरड्यांची सूज उतरायला वेळ लागतो, आणि हिरड्यांत मुरलेली सूज इन्शुलिनच्या कामात खोडा घालते. मधुमेहींमध्ये हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ ने उतरलेला दिसतो. प्रीडायबेटिसबद्दल इतका ठोस पुरावा नाही. तेव्हा 'क्लीनिंग झालं, आता जिलेबी चालेल' हा हिशोब नको.

माझं डोकं सर्वात जास्त फिरतं ते 'क्लीनिंगने दात हलतात' या समजाने. एक किराणा दुकानदार काका आले होते, एचबीए१सी ६.१. खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाची सलग भिंत, पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडीमधली खाच, सहा-सात मिलिमीटर खोल (निरोगी हिरडीत ते तीनपर्यंत असतं). पहिल्या बैठकीत वरचं कीटण काढलं. पुढच्या वेळी भूल देऊन हिरडीखालची मुळं साफ करायची होती. काका फिरकलेच नाहीत. फटी दिसायला लागल्या, गार पाणी झोंबलं, आणि गल्ल्यावर बसून त्यांनी येईल त्या गिऱ्हाईकाला सांगितलं की डॉक्टरने दात सैल केले. मग कुणीतरी मिश्री सुचवली. रक्त थांबलं! थांबणारच, तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रोग मात्र आत चालूच राहतो. काही महिन्यांनी काका एक दात रुमालात बांधून घेऊन आले. कुठेही कीड नाही, पण मुळावर टोकापर्यंत काळं कीटण. नवा एचबीए१सी ६.८. त्याचा सगळा दोष मी हिरड्यांना देणार नाही, पण दाताचा देईन.

फट क्लीनिंगने पाडलेली नसते. हाड आधीच झिजलेलं असतं, सूज आणि कीटण ते झाकून ठेवतात. म्हणून सुरुवात करण्याआधी मी पेशंटच्या हातात आरसा देतो आणि मोजणीची सळई हिरडीत किती खोल जाते ते दाखवतो. आकडे कागदावर लिहून देतो. साधारण आठ आठवड्यांनी पुन्हा मोजतो, पुढे दर तीन महिन्यांनी बोलावतो. 'एकाच बैठकीत उरका' म्हणणाऱ्याला मी सरळ सांगतो, दुसरीकडे जा.

रक्त येतं म्हणून तिथे ब्रश न लावणं ही दुसरी लाडकी चूक. रक्त येतं तिथेच मऊ ब्रश हळूवार, नीट फिरवायचा. फटींसाठी बारीक इंटरडेंटल ब्रश, त्याचं माप डॉक्टरकडून ठरवून घ्या.

मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून गळू बसवू नका. पू जातो, कीटण तिथेच.

क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे नको. दात तपकिरी होतात, तोंडाची चव जाते.

उपाशीपोटी येऊ नका. जेवून, नेहमीच्या गोळ्या घेऊन या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मीठ-तेल चोळण्याबद्दल मला विचारू नका.

आणि पुन्हा मोजल्यावरही पॉकेट सहा मिलिमीटर किंवा जास्त राहिलं, रक्त येतच राहिलं, तर फ्लॅप सर्जरीचा, म्हणजे हिरडी उघडून आतली मुळं साफ करण्याचा विषय निघतो. त्या भेटीला एचबीए१सीचा रिपोर्ट तीन महिन्यांच्या आतला आणा. मुलीच्या लग्नाआधी केलेला चालणार नाही.