मोझार्ट-हायडनच्या लॅटिन मिस्सा बसवताना या चुका टाळा

वाद्यवृंदासह गायची लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथोलिक उपासनाविधीतल्या प्रार्थनांना दिलेलं संगीत, बसवायला घेतली की बहुतेक गायनवृंद ती मैफलीची चीज समजून तालीम सुरू करतात आणि तिथेच फसतात. मोझार्टच्या गावी, साल्झबुर्गमध्ये, हे संगीत उपासनेसाठी, घड्याळाकडे नजर ठेवून लिहिलं जाई. १७७६ साली मोझार्टच्या नावाने पाद्रे मार्तिनी या इटालियन संगीतगुरूंना गेलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलंय: आर्चबिशप स्वतः मिस्सा अर्पण करतात तेव्हा मोठ्यातली मोठी मिस्साही पाऊण तासापलीकडे जाता कामा नये.

सगळ्यात महागात पडते ती लयीतली चूक. मोझार्टची १७७९ ची ‘कोरोनेशन मास’ (मास म्हणजेच मिस्सा) घ्या. कीरिएची, म्हणजे ‘प्रभू, दया कर’ या पहिल्या प्रार्थनेची, सुरुवात भारदस्त. मग सोप्रानोचा (उंच स्त्री-आवाजाचा) एकल भाग येतो आणि तिथे सूचना दिसते, ‘प्यू आंदान्ते’, म्हणजे ‘अधिक आंदान्ते’. आंदान्ते म्हणजे संथ, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे सगळे आणखी रेंगाळतात. त्या काळी आंदान्ते ही चालती लय होती, तेव्हा इथे पाऊल उचलायचं असतं. सोप्रानोचा दम ओळ संपण्याआधीच संपत असेल, तर तिला दोष देण्यापूर्वी लय तपासा. हीच सुरावट अगदी शेवटी ‘दोना नोबिस पाचेम’ला (‘आम्हांला शांती दे’) परत येते. तालमीत हे दोन्ही भाग लागोपाठ गाऊन घ्या, कीरिए कुठे अडकतोय ते लगेच कळेल.

आन्यूस देई (‘देवाच्या कोकरा’) या शेवटच्या प्रार्थनेतल्या सोप्रानो एकलाची चाल पुढे मोझार्टच्याच ‘फिगारो’ ऑपेरातल्या काउंटेसच्या गाण्याजवळ जाते, म्हणून तिथे ऑपेराचा थाट आणायचा मोह होतो. तो आवरा. एकल गायक वृंदातलेच असणं हीच या संगीताची मूळ रीत आहे. बाहेरून मोठा आवाज आणून पुढे उभा केला की बाकीचे चाळीस जण साथीदार होऊन बसतात, आणि मला ते फार खटकतं.

उच्चार इटालियन वळणाचा की ऑस्ट्रियन, हे पहिल्याच तालमीला ठरवा. अर्धे ‘आन्यूस’ आणि अर्धे ‘आग्नूस’ म्हणत असतील तर सूर जुळूनही शब्द फाटलेला ऐकू येतो. ‘पाचेम’मधला च इटालियन पद्धतीत ‘चिमणी’चा, ऑस्ट्रियन पद्धतीत ‘चांगला’चा. मराठी जिभेला दोन्ही येतात, ही आपली मोठी सोय. पण इंग्रजीची सवय झालेले गायक ‘तेर्रा’चं ‘टेरा’ करतात. प्रतीवर शब्द देवनागरीत लिहून घ्या, त आणि ट यांचा घोळ तिथेच मिटतो.

व्हायोला वाजवणारे मिळाले नाहीत म्हणून बेत रद्द करू नका. साल्झबुर्गच्या कॅथेड्रलसाठी लिहिलेल्या या मिस्सांत व्हायोलाला वेगळा भाग नसतोच. तीन ट्रॉम्बोन असतात, ते बहुतेक वेळ आल्टो, टेनर आणि बास या खालच्या तीन गायन-आवाजांच्याच ओळी वाजवतात. ते नसले तर ऑर्गन सांभाळून घेतो. असले आणि आल्टो बुडत असतील, तर वादकांच्या प्रतीवरही शब्द लिहा आणि गायक श्वास घेतात तिथे त्यांनाही सूर सोडायला सांगा.

लहान वृंदाने जोसेफ हायडनच्या ‘छोट्या ऑर्गन मिस्सा’पासून सुरुवात करावी. तिची ग्लोरिया, म्हणजे देवाच्या गौरवाची प्रार्थना, अवघी ३१ मात्राखंडांची (बारची) आहे, कारण चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे शब्द गातात. प्रत्येक शब्द कळावा म्हणून सगळ्यांनी जोर लावला की नुसता कलकलाट होतो. प्रत्येक आवाजाने आपल्या ओळीची सुरुवात ठसठशीत उच्चारावी आणि मग मागे सरावं. ही ग्लोरिया ‘एत इन तेर्रा पाक्स’पासून (‘आणि पृथ्वीवर शांती’) सुरू होते, आधीची ओळ धर्मगुरूंनी म्हणायची असते. त्यांना सूर कोण देणार, हे आदल्या दिवशीच ठरवा.

प्रत्यक्ष उपासनेतच गायचं असेल तर क्रेदोचे, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीचे, शब्द प्रार्थनापुस्तकाशी ताडून पाहा. हायडनच्या ‘नेल्सन मास’मध्ये ‘क्वी एक्स पात्रे फिलिओक्वे प्रोचेदित’ (‘जो पिता आणि पुत्रापासून येतो’) ही ओळ गळलेली आहे. शूबर्टच्या सहाही लॅटिन मिस्सांत ‘एक, पवित्र, कॅथोलिक’ चर्चवरच्या श्रद्धेची ओळ नाही. हे वेदीसमोर उभं राहिल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. ‘नेल्सन’च्या वाद्यप्रती मागवतानाही आवृत्ती विचारून घ्या: १७९८ च्या मूळ रचनेत तीन ट्रम्पेट, टिम्पनी नावाचे ढोल, तंतुवाद्यं आणि ऑर्गन एवढंच आहे. बासरी-ओबो नंतरच्या छापील आवृत्तीत आले. गायकांच्या प्रती एका आवृत्तीच्या आणि वादकांच्या दुसरीच्या आल्या, तर अख्खी तालीम मात्राखंड शोधण्यात जाते.