पावसाळ्यात टॉर्च पत्र्यावर का आपटत होती

रत्नागिरीजवळ माझी फॅब्रिकेशनची शेड आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर. प्लाझ्मा कटिंगचं सीएनसी टेबल घरीच बांधलं, म्हणजे विजेच्या तप्त ज्योतीने (आर्कने) पत्रा कापणारं, संगणकावर चालणारं मशीन; ज्योत सोडणारी ती टॉर्च. मे महिन्यापर्यंत झकास चाललं. पाऊस लागला आणि टॉर्च थेट पत्र्यावर आपटायला लागली. टॉर्चच्या टोकाचे दोन नोझल गेले.

आधी मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. उगाचच. टॉर्चचं टोक पत्र्याला टेकलं की सर्किट पूर्ण होतं आणि उंची कळते, अशी माझी जुळणी होती. पण खाऱ्या दमट हवेत पत्र्यावर गंज चढतो, आणि गंजातून वीज नीट जात नाही. मशीनला पत्रा दिसायचाच नाही.

मग टॉर्च छोट्या लिनिअर रेलवर (सरळ सरकपट्टीवर) तरंगती बसवली, वर मायक्रोस्विच. टोक टेकून टॉर्च उचलली गेली की स्विच दबतो. दबेपर्यंतचा जास्तीचा प्रवास फिलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) मोजला, 1.2 मिमी भरला, तो मशीनमध्ये ऑफसेट, म्हणजे हिशेबात धरायचा फरक, म्हणून टाकला. आता भोक पाडताना उंची 3.8 मिमी, कापताना 1.5.

राहिली कोपऱ्यातली बुडी, म्हणजे कोपऱ्यावर वेग मंदावला की टॉर्चचं खाली जाणं. कापताना मशीन आर्कच्या व्होल्टेजवरून उंची ओळखतं. ते व्होल्टेज उंचीबरोबर वाढतं, तसं वेग मंदावला तरी वाढतं. मशीनला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून ते तिला खाली ढकलतं. वेग 90 टक्क्यांखाली आला की उंचीनियंत्रण गोठवायचं, एवढं सेटिंग पुरलं. टॉर्चमधला इलेक्ट्रोड (जिथून आर्क निघतो तो भाग) झिजला की मात्र मशीनला ठरवून दिलेलं व्होल्टेज दोन-तीनने वाढवून द्यावं लागतं, नाहीतर टॉर्च हळूहळू खाली सरकते.

पत्रे अजून गंजतातच. त्याला काय करणार!