ऑपरेशननंतर आजी-आजोबांचा गोंधळ उडू नये म्हणून

वय ६५ च्या पुढे असेल, तर ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस माणूस असंबद्ध बोलू लागणं, रात्री उठून नळ्या ओढणं हे बऱ्यापैकी दिसतं. याला डेलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे आणि मुद्दाम केलेला हट्टही नव्हे. पुष्कळदा ते टाळता येतं.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे चष्मा आणि श्रवणयंत्र. ऑपरेशनआधी काढून ठेवतात आणि मग ते पिशवीतच राहतं. नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, खोली अनोळखी, कुणीही गोंधळेल. शुद्धीवर आल्यावर लगेच घालायला द्या. कवळीही द्या, पण खायला परवानगी मिळाल्यावर.

दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. समोर घड्याळ असू द्या. घरचं माणूस जवळ असेल तर उत्तम. चुकीचं बोलले तर वाद न घालता शांतपणे सांगा, ‘ऑपरेशन झालंय, तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात.’

चालू असलेली प्रत्येक गोळी भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. झोपेची गोळी आणि रोजची दारू तर अजिबात लपवू नका, कारण ती अचानक तुटली तरी गोंधळ होतो. झोप येत नाही म्हणून स्वतःहून गोळी देऊ नका. दुखणं मात्र सहन करायला लावू नका. लघवीची नळी कधी काढणार, रुग्णाला कधी चालवणार, हे रोज विचारा.

आणि हो, रुग्ण एकदम गप्प, सुस्त झाला तरी नर्सला सांगा. तोही डेलिरियम असू शकतो.