सर्व्हर अडकतोय? शेअर्ड स्टोरेजवर एडिटिंग करताना या चुका टाळा

"सर्व्हर लई अडकायलाय ओ, नवीनच घ्यायचा काय?"

लग्नसराईत असा एक तरी फोन येतोच. गेल्या मे महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका स्टुडिओतून आला. चार हार्डडिस्कचा नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारा डबा, यालाच सगळे सर्व्हर म्हणतात), त्यावर तीन एडिटर. दोघांचं काम सुरळीत, तिसऱ्याची टाइमलाइन मात्र दोन पावलं चालायची आणि थांबायची. मालकांनी नव्या सर्व्हरचं कोटेशनही आणून ठेवलं होतं.

मी सर्व्हरला हात लावला नाही. तिसऱ्या टेबलावरच्या विंडोजमध्ये इथरनेटचा, म्हणजे नेटवर्क केबलचा लिंक स्पीड बघितला. 100 मेगाबिट. बाकी दोघांकडे 1000. भिंतीतला जॅक खोलला आणि भानगड सापडली. सीसीटीव्ही बसवणाऱ्याने केबल वाचवली होती. एकाच केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोन सीसीटीव्ही कॅमेऱ्याला दिल्या, उरलेल्या दोन कॉम्प्युटरला. इंटरनेट चालायचं, बिलं निघायची, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. गिगाबिटला, म्हणजे 1000 मेगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, दोनवर लाइन 100 मेगाबिटला येऊन बसते. आणि यांच्या शूटिंगच्या कॅमेऱ्याचं 4के फुटेजच सेकंदाला 100 मेगाबिटचं! एक क्लिपसुद्धा त्या वायरीतून धड जाणार नव्हती. नवी केबल ओढली, दोन्ही टोकं नीट क्रिम्प केली, काम संपलं. कोटेशन तसंच ड्रॉवरमध्ये गेलं.

मेगाबिट आणि मेगाबाइटचा घोळ

नेटवर्कवाले मेगाबिटमध्ये बोलतात, कॉपी करताना स्क्रीनवर दिसतात ते मेगाबाइट. आठाने भागायचं. म्हणजे गिगाबिट लाइनमधून कागदावर सेकंदाला 125 मेगाबाइट जातात, हातात 110 ते 115 पडतात. कॉपी करताना आकडा 11 च्या आसपास घुटमळत असेल तर समजा, तुमच्याकडेही कुठेतरी 100 ची लाइन आहे.

आता हिशेब करा. 100 मेगाबिटच्या तीन कॅमेऱ्यांचा मल्टिकॅम म्हणजे सेकंदाला साधारण 38 मेगाबाइट. गिगाबिटवर आरामात बसतं. पण तेच फुटेज प्रोरेस 422 मध्ये (एडिटिंगला सोपा, पण फाइलला जड प्रकार) करून ठेवलंत, तर 4के, 25 फ्रेमला एकेका स्ट्रीमलाच 60 मेगाबाइटच्या वर लागतात. दोन स्ट्रीममध्ये लाइन भरली. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवर बघा, आत गाळप कितीही जोरात असू दे, काट्यावरून ट्रॉली एका वेळी एकच जाते. तिथं नवा बॉयलर घेऊन काय होणार?

यातूनच पुढची चूक होते. 10 गिगाबिटचा नॅस आणायचा आणि तो जुन्या गिगाबिट स्विचला (सगळ्यांच्या केबल जिथं येऊन जोडतात तो डबा) जोडायचा. सर्व्हर, स्विच, केबल, कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड, सगळ्यांना तो वेग झेपायला हवा, नाहीतर जो सगळ्यात हळू त्याच्याच चालीने सगळे चालणार. कॅट 6 जातीच्या केबलवर 10 गिगाबिट साधारण 55 मीटरपर्यंत जातं, त्यापुढे कॅट 6ए घ्या. छोट्या स्टुडिओला बऱ्याचदा 2.5 गिगाबिटही पुरतं, आणि चांगली कॅट 5ई ओढलेली असेल तर तीच चालते. नॅसचे दोन गिगाबिट पोर्ट एकत्र बांधले की वेग दुप्पट, असं दुकानात सांगतात. साध्या सेटिंगवर एका एडिटरला एकाच पोर्टचा वेग मिळतो. दोघं-तिघं एकदम बसले तरच काही फायदा.

वायफायवर एडिटिंग? नको.

दोष सर्व्हरचा नसतोच, तेव्हा

वायर ठीक, स्विच ठीक, तरी अडकतंय. मग तीच क्लिप कॉम्प्युटरच्या स्वतःच्या एसएसडीवर कॉपी करा आणि चालवून बघा. तिथंही अडकली तर सर्व्हर निर्दोष. हल्लीच्या कॅमेऱ्यांचं 10-बिट 4:2:2 एच.265 फुटेज (रंगाची जास्त माहिती, पण खूप दाबून साठवलेली) फाइलला लहान असतं, उलगडायला महाग. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांना ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही, मग सगळा भार प्रोसेसरवर येतो. त्याला उपाय प्रॉक्सीचा: हलक्या फाइली बनवा, त्यावर कट करा, शेवटी मूळ फुटेजवरून एक्सपोर्ट करा. पंचवीस हजारांचा सर्व्हर वाढवून हे दुखणं जात नाही, हे मी लोकांना बसवून दाखवतो, तेव्हा कुठे पटतं.

कॅशचंही तसंच. कॅश म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःच्या सोयीसाठी बनवतं त्या तात्पुरत्या फाइली. प्रीमियरची मीडिया कॅश, रिझॉल्व्हची रेंडर कॅश कुणीतरी हौसेने सर्व्हरवर टाकतं, "सगळं एका जागी असावं" म्हणून. या बारीक बारीक फाइलींची सतत ये-जा असते आणि नॅसच्या फिरत्या डिस्कना नेमकी तीच झेपत नाही. कॅश ज्याच्या त्याच्या एसएसडीवर, सर्व्हरवर फक्त फुटेज आणि प्रोजेक्ट.

हळद लग्नात कशी शिरली

हा प्रकार मी डोळ्यांनी बघितला. सोनीचा कॅमेरा क्लिपला सी0001, सी0002 अशी नावं देतो आणि सेटिंग तसं असेल तर नव्या कार्डावर पुन्हा एकपासून सुरू करतो. तीन कॅमेरे, दोन दिवस, म्हणजे सी0001 नावाच्या सहा फाइली. फोल्डर हलवला, प्रीमियरने लिंक मागितली, एडिटरने घाईत नाव जुळलं म्हणून ओके केलं. मंगलाष्टकांच्या आवाजावर नवरी हळदीत माखलेली! क्लायंटला जायच्या आधी सापडलं हे नशीब. कार्ड उतरवतानाच तारीख आणि कॅमेरा नावात घाला, आणि त्या नावात तिरकी रेघ नको. मॅकवर 12/05 चालतं, विंडोजवर त्याच फोल्डरचं नाव विचित्र होतं.

सगळ्या विंडोज मशीनवर सर्व्हरला ड्राइव्हचं एकच अक्षर द्या, समजा झेड. एकाकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असेल तर प्रोजेक्ट उघडताच "मीडिया ऑफलाइन"चा लाल पडदा. आणि एकच साधा प्रोजेक्ट दोघांनी एकदम उघडू नये; शेवटी जो सेव्ह करेल त्याचंच राहतं, पहिल्याचे दोन तास गेले. दोघांनी मिळून काम करायचं तर प्रीमियरमध्ये प्रॉडक्शन्स वापरा, रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सर्व्हर लावा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून चालवायची पद्धत. रेड 5 मध्ये एक डिस्क गेली तर काम चालू राहतं, एवढंच. चुकून डिलीट झालेला फोल्डर चारही डिस्कवरून एकाच क्षणी जातो. डिस्क घेताना ती सीएमआर (डेटाच्या पट्ट्या शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना, ते विचारा. स्वस्तातली एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) डिस्क लावली तर बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून निघताना दिवसच्या दिवस जातात, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं. घरून फाइल बघता यावी म्हणून राउटरवर पोर्ट उघडून, म्हणजे सर्व्हर थेट इंटरनेटला मोकळा करून ठेवू नका. त्यापेक्षा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून स्टुडिओपर्यंतची खासगी, कुलूपबंद वाट लावा.

वीज गेली की नॅसने आपोआप नीट बंद व्हावं म्हणून यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडायची असते. ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडलेली सापडते.

आणि आपल्या गावाची गोष्ट वेगळी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला दुकानं बुडाली. तरी आजही तळमजल्यावर, टेबलाखाली, फरशीवर ठेवलेले सर्व्हर मला दिसतात. राजारामपुरीच्या त्या मालकांना मी नवा सर्व्हर घेऊ दिला नाही, पण त्यातल्या थोड्या पैशांत दोन मोठ्या एक्स्टर्नल डिस्क घ्यायला लावल्या. एक स्टुडिओत कपाटात असते. दुसरी दर शनिवारी भरून ते गडहिंग्लजला आईकडे नेतात, माडीवर, धान्याच्या कणगीशेजारी. आईंना वाटतं लेक पैसे लपवायला आणतोय.