पहिलं बीसीडी जॅकेट घेताय? या चुका टाळा

बीसीडी म्हणजे हवेच्या टाकीसकट डाइव्हरने अंगावर घालायचं जॅकेट; त्यात हवा भरून किंवा सोडून पाण्यात तरंगणं सांभाळायचं. गोव्यात ग्रँड आयलंडभोवतीच्या बहुतेक डाइव्ह सहा ते सोळा मीटर खोलीत होतात. त्यामुळे ‘एवढ्याशा पाण्याला कुठलंही जॅकेट चालतं’ हे वाक्य वास्कोतल्या बायण्याच्या किनाऱ्यावर हमखास ऐकू येतं. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे, आणि कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. वीस मीटरवरून दहावर आलात की जॅकेटमधली हवा दीडपट फुगते. दहावरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. म्हणजे सगळ्यात मोठी उडी शेवटच्या दहा मीटरमध्ये असते, आणि गोव्यात आपण बराचसा वेळ तिथेच किंवा त्याच्या जरा खाली असतो. त्यात पाणी गढूळ, अनेकदा चार-पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. वर चाललोय हे डोळ्यांना उशिरा कळतं. हवा पटकन आणि पूर्ण सोडता आली पाहिजे. पैसे थोडे असतील तर ते दोनच गोष्टींवर घाला: अंगाला बसणारं माप आणि हवा सोडणाऱ्या नीट चालणाऱ्या झडपा. खिसे, रंग, ब्रँड सगळं त्यानंतर.

वाढत्या अंगाचं जॅकेट

शाळेचा गणवेश घेताना आपल्या आया एक माप मोठं घेत. जॅकेटला हा हिशेब लावू नका. ऑफिसातला एक मुलगा मागच्या हंगामात विचारत होता, ‘दादा, एल बसतंय, पण एक्सएल घेतो. पुढे जाड सूट घालावा लागला तर?’ इथलं पाणी डाइव्हिंगच्या दिवसांत २७-२८ अंशांच्या आसपास असतं. तीन मिलिमीटर जाडीचा डाइव्हिंग सूट पुरून उरतो. जाड सूट लागेल अशा समुद्रात जाल तेव्हा तिथे भाड्याने जॅकेट मिळेलच.

मोठं जॅकेट काय करतं ते मी भोगलंय. माझं पहिलं जॅकेट वापरलेलं होतं, सात हजारांना मिळालं म्हणून घेतलं. माप एक्सएल, मला हवं होतं मीडियम. पृष्ठभागावर हवा भरली आणि ते अंगाला सोडून वर सरकलं. कडा कानांपर्यंत आल्या, हनुवटी आत, प्रत्येक लाट तोंडावर. जॅकेट भरपूर फुगलेलं होतं आणि तरी मी खाली होतो. प्रशिक्षकाने मागून टाकी धरून उचललं तेव्हा श्वास नीट घेता आला.

म्हणून दुकानात सूट घालून जा. टाकी बांधायला लावा आणि जॅकेट पूर्ण फुगवा. छाती आवळली जाता कामा नये. मग कुणाला तरी दोन्ही खांद्यांचे पट्टे वर ओढायला सांगा. ते दोन-तीन बोटं सरकले तर ठीक, कानाला लागले तर ते जॅकेट परत ठेवा. शेवटी डोळे मिटून खांद्यावरची आणि मागे कमरेजवळची झडप हाताने शोधा. चाचपडावं लागलं तर गढूळ पाण्यातही चाचपडावं लागेल. बायकांसाठी वेगळ्या कटाची जॅकेट येतात, धड आखूड आणि खांद्याचे पट्टे वळवलेले. ती मिळत असतील तर पुरुषी स्मॉलवर भागवू नका.

‘जास्त किलोचं चांगलं’

विक्रेता लिफ्टचा, म्हणजे फुगलेलं जॅकेट पाण्यात किती किलो उचलून धरतं त्याचा, आकडा सांगतो आणि आपण मोठा आकडा निवडतो. थोडा हिशेब करा. ११ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम टाकीत २०० बार दाबाला जी हवा असते, तिचं वजन साधारण अडीच किलो. पातळ सूट खोलीवर दबून दीड-दोन किलोची तरंगण गमावतो. वर डोकं पाण्याबाहेर धरायला आणखी चार-पाच किलो. दहा-बारा किलो लिफ्टमध्ये गोव्याचं डाइव्हिंग आरामात होतं, आणि मध्यम मापाच्या बहुतेक जॅकेटमध्ये ती असतेच. नको तेवढी मोठी पिशवी घेतली की कापडाच्या घड्यांत हवा अडकते, आणि ती सोडायला अंग वेडंवाकडं करावं लागतं.

खरं तर जॅकेट घेण्याआधी पाण्याखाली जायला स्वतःला शिशाचं वजन किती लागतं ते शोधा. डाइव्ह संपताना टाकीत ५० बार उरले असताना जॅकेट पूर्ण रिकामं करा आणि पृष्ठभागावर साधा श्वास धरून उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर बुडायला लागलात, तर वजन बरोबर. मी पाहिलेले बहुतेक नवशिके दोन-तीन किलो जास्त घेऊन उतरतात, मग ते पेलायला जास्त हवा भरतात, आणि ती हवा वर येताना अंगावर उलटते.

शिसं ठेवायचे खिसे असलेलं जॅकेट महाग असतं. वापरलेलं घेत असाल तर त्या खिशांचं वेल्क्रो सैल झालेलं असू शकतं. पाण्याखाली एक खिसा सुटला की माणूस बुचासारखा वर जातो. शिसं ओवून कमरेला बांधायचा साधा वेट बेल्ट स्वस्त आणि भरवशाचा.

वापरलेलं घेताना न तपासणं

वापरलेलं जॅकेट वाईट नसतं. वाईट असतं ते घाईने घेतलेलं. मे महिन्याच्या शेवटी बोटी बंद व्हायला लागतात आणि सौदे स्वस्त होतात, पण ऑक्टोबरपर्यंत ते समुद्रात तपासता येत नाही. घेतलंच तर घरी नीट परीक्षा घ्या.

आधी तोंडाने फुंकायच्या नळीत डोकावा. तोंडात धरायच्या टोकाच्या आत पांढरी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी कणी दिसली तर मिठाने आत घर केलंय. त्याच टोकाला, इन्फ्लेटरवर, टाकीतली हवा भरायचं बटण असतं; ते दाबून सोडा. ते टपकन परत आलं पाहिजे. रेंगाळलं तर तेच पाण्याखाली अडकून हवा भरत राहील. मग टाकी जोडून जॅकेट भरत राहा. जादा दाबाची झडप स्वतःहून उडायला हवी आणि नंतर गप्प व्हायला हवी. आता टाकी काढा आणि जॅकेट रात्रभर गॅलरीत टांगा. सकाळी किंचित मऊ पडलं तर हरकत नाही, रात्रीच्या गारव्यात हवा आकसते. लोंबलं असेल तर झडपा आणि शिवणींवर साबणाचा फेस लावा. जिथे बारीक बुडबुड्यांची रांग उठते तिथे गळती. झडपेपाशी असेल तर बहुधा वाळूचा कण अडकलेला असतो, ती हाताने उघडून धुतली की काम होतं. शिवणीपाशी असेल तर सौदा सोडा.

टाकीकडून इन्फ्लेटरला हवा आणणाऱ्या नळीचं, म्हणजे होजचंही विचारा. काही इन्फ्लेटरमध्ये श्वास घ्यायचा पर्यायी रेग्युलेटर जोडलेला असतो आणि त्याला नेहमीची होज बसत नाही. स्वस्तात मिळालेलं जॅकेट अशा वेळी महाग पडतं.

हे लाइफ जॅकेट नाही

बोटीवरचं नारिंगी जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड आकाशाकडे ठेवावं म्हणून बनवलेलं असतं. बीसीडी तशी हमी देत नाही, काही तर पुढे झुकवतात. पोहता येत नसलेल्या भावाला ते घालून पाण्यात सोडू नका. आणि पुढच्या बाजूला एक-दोन भक्कम कड्या आहेत का बघा. आपल्याकडे डॉल्फिनच्या बोटी आणि जेट स्की सतत फिरतात, वर येण्याआधी फुगवून पाण्यावर सोडायची सिग्नल ट्यूब त्या कडीला अडकवून हाताशी हवी.

पाण्यात कुरबुर झाली तर

टाकी खाली सरकते: पट्टा कोरडा असताना आवळला गेला. आधी भिजवा, मग आवळा, नायलॉन ओलं झालं की सैल पडतं.

पृष्ठभागावर तोंडघशी पडायला होतं: थोडी हवा काढा, मागे रेला, पुढचं एखादं शिसं टाकीच्या पट्ट्यावर न्या.

हवा सुटत नाही: हवा नेहमी सर्वात उंच जागी जाते. उभे असाल तर खांद्याची झडप किंवा इन्फ्लेटर वर धरा, डोकं खाली असेल तर कमरेमागची ओढा.

जॅकेट आपोआप फुगायला लागलं: एका हाताने हवा सोडत राहा, दुसऱ्याने होज उपसून काढा. हे पोहण्याच्या तलावात दहा वेळा करून ठेवा, ओल्या बोटांनी, न बघता. वर आल्यावर इन्फ्लेटर सर्व्हिसला द्या. नुसतं आपटून चालू झालं म्हणून तसंच वापरू नका.

प्रत्येक डाइव्हनंतर नळीतून गोडं पाणी आत ओता, जॅकेट घुसळा, उलटं धरून पूर्ण निथळू द्या. पावसाळ्याचे चार महिने ते कपाटात घडी घालून ठेवलं तर पिशवी आतून चिकटते आणि बुरशी धरते. अर्धवट फुगवून, उन्हापासून दूर, वारा लागेल अशा खुंटीला टांगा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून बघा, टपकन परत येतंय ना.