सीए इंटर: 40 वरून 60 कडे जाताना

मे 2024 मध्ये मी सीए इंटरचा, म्हणजे चार्टर्ड अकाउंटन्सीच्या मधल्या टप्प्याचा, पहिला ग्रुप दिला. अकाउंट्सला 58, लॉला 41, टॅक्सला 44. तिन्ही विषयांत 40 च्या वर, तरीही नापास. तीन पेपर मिळून 300 पैकी 150 लागतात, माझे 143 झाले. नियम ठाऊक होता. पण मनात ‘पास व्हायचं’ एवढंच होतं आणि पास म्हणजे 40. लॉचा धडा चाळीसपुरता झाला असं वाटलं की मी पुस्तक मिटायची.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांचं संशोधन मी नंतर वाचलं. ‘जमेल तेवढं कर’ असं सांगितलेल्यांपेक्षा नेमकं आणि अवघड लक्ष्य घेतलेली माणसं सहसा जास्त काम करून दाखवतात. पुढच्या अटेम्प्टला मी प्रत्येक विषयासमोर 60 लिहिलं. तेवढे मिळाले तर ग्रुप राहिला तरी त्या विषयाचं एक्झम्प्शन हातात येतं (तो पेपर पुढच्या वेळी परत द्यावा लागत नाही), म्हणून तो आकडा मला खरा वाटायचा.

खरी गडबड वेळापत्रकात होती. लॉसाठी मी 12 दिवस धरले, लागले 19. रात्री रडू यायचं, आपण आळशी आहोत असं वाटायचं. ही चूक बहुतेकांची होते. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंधाला सरासरी 34 दिवस लागतील असं सांगितलं होतं, लागले साडेपंचावन्न. आपण मनातल्या मनात सगळं सुरळीत चाललेलं पाहतो. ताप, गावाकडचं लग्न, गेलेली वीज त्यात नसते. म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी एक धडा घड्याळ लावून करा, लागलेला वेळ वहीत लिहा आणि त्यावरूनच पुढचे दिवस धरा. टॉपरचं वेळापत्रक उतरवून घेऊ नका.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. ‘रोज टॅक्स करेन’ हे वाक्य दुपारी झोप आली की विरून जायचं. त्याऐवजी लिहिलं: मेसवरून येऊन चप्पल काढली, की फोन बॅगेत आणि जुन्या पेपरातला टॅक्सचा एक प्रश्न सोडवायचा. कधी आणि कुठे हे आधीच ठरलेलं असल्यामुळे त्या क्षणी मनाशी भांडावं लागत नाही.

जानेवारी 2025 मध्ये ग्रुप सुटला. टॅक्सला 63 आले, लॉला मात्र 54 च.

दिवस बुडतातच. बुडालेला अभ्यास दुसऱ्या दिवशीच्या डोक्यावर चढवला की तोही दिवस जातो, हे मी पहिल्या वेळी पुरेपूर भोगलं. दुसऱ्या वेळी वहीतल्या वेळापत्रकात त्या दिवसाचा चौकोन कोराच ठेवायची आणि सकाळी ठरलेल्या पानापासून बसायची. त्या वहीत असे 11 कोरे चौकोन आहेत.